बिगुल सरकारचा, माउथपीस माझं



माझ्या हातात काय आहे ते मागच्या रांगेतून दिसणार नाही, म्हणून सांगतो. पितळेचा एक तुकडा आहे. मधल्या बोटाएवढा लांब. एका टोकाला छोटीशी वाटी, दुसऱ्या टोकाला नळी. मी असा पहिला तुकडा घरी आणला तेव्हा आमच्या सौ.नी उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हे कुठल्या समईचं आहे?"

समईचं नाही, हे ट्रम्पेटचं माउथपीस आहे. ट्रम्पेट, कॉर्नेट, बिगुल, ट्रॉम्बोन, युफोनियम अशा फुंकून वाजवायच्या पितळी वाद्यांना ओठांजवळ जो सुटा भाग लावतात, तो हा. गेली तीसेक वर्षं मी अशी जुनी माउथपीसेस जमवतोय. आज माझ्याकडे १४३ आहेत. लोक पहिला प्रश्न विचारतात, "कर्नलसाहेब, तुम्ही वाजवता का?" नाही. मला 'सारे जहाँ से अच्छा'ची पहिली ओळसुद्धा धड काढता येत नाही. मग हा उद्योग कशासाठी, ते सांगायला आज उभा आहे. आणि या उद्योगात माझ्या हातून एक चूक झाली, तीही सांगणार आहे. खरं तर तिच्यासाठीच आलोय.

मी ग्वाल्हेरच्या मराठी घरातला. कॉलेज संपवून फौजेत गेलो, १९८२ मध्ये कमिशन मिळालं, पलटण मिळाली मराठा लाइट इन्फंट्री. आमचं रेजिमेंटल सेंटर बेळगावला. लाइट इन्फंट्री आणि बिगुल यांचं नातं जुनं आहे, आमच्या बिल्ल्यावरही बिगुल आहे. पण खरं सांगायचं तर पहिली चार वर्षं बिगुल म्हणजे माझ्यासाठी सकाळी झोपमोड करणारी एक वस्तू होती.

१९८६ च्या हिवाळ्यात आम्ही उत्तरेकडच्या डोंगरात होतो. हिमस्खलनात आमचा एक जवान गेला. त्याला मानवंदना द्यायची होती. पहाटेची वेळ, पारा शून्याच्या बराच खाली. तुकडी उभी राहिली, 'शोक शस्त्र'चा हुकूम झाला. आता 'लास्ट पोस्ट' वाजायचा. आमचा बिगुलर साताऱ्याकडचा एक हवालदार होता. मी त्याच्यापासून चार पावलांवर उभा होतो. त्याने काय केलं, तर डाव्या हाताची मूठ उघडली. मुठीत माउथपीस होतं. ते बिगुलाला लावलं आणि वाजवायला सुरुवात केली. सूर कुठेही फाटला नाही.

नंतर मी त्याला विचारलं, "माउथपीस मुठीत का धरलं होतंस?" तो म्हणाला, "सायेब, गार धातू वटाला चिकटतो. कातडं निघून येतं. रातभर बंडीच्या आत ठेवलं व्हतं." मी म्हटलं, "स्टोअरमधून दुसरं मागून घे, एक जादा ठेव." त्यावर तो जरा हसला. म्हणाला, "बिगुल सरकारचा हाय, सायेब. ह्ये माजं हाय."

तेव्हा मला वाटलं, त्याने स्वतःच्या पैशाने विकत घेतलं असेल, म्हणून म्हणतोय. तसं ते खरंही होतं. पण त्या वाक्यात त्याहून अधिक काही होतं. ते समजायला मला पुढे तीस वर्षं लागली.

आधी हा तुकडा काम कसं करतो ते पाहू. ट्रम्पेटमध्ये नुसती हवा फुंकली तर काहीही वाजत नाही. ओठ मिटून हवा अशी सोडावी लागते की ओठ थरथरतात. लहान मुलं गाडी गाडी खेळताना 'भुर्र' करतात ना, त्याचाच घट्ट, ताब्यात ठेवलेला प्रकार. तो थरथराट हाच मूळ आवाज. पुढची चार-साडेचार फुटांची नळी त्याला मोठा करते, आकार देते. आणि ओठ जिथे टेकतात ती जागा म्हणजे हे माउथपीस. ओठ टेकतात ती कड. आत वाटी. वाटीच्या तळाला भोक, त्याला गळा म्हणतात. त्यापुढे हळूहळू रुंद होत जाणारी नळी.

यातली मापं ऐका. अमेरिकेत विन्सेंट बाख नावाचा कारागीर होऊन गेला. त्याच्या पद्धतीत आकडा जितका लहान तितकी वाटी रुंद. १ सी या नमुन्याची वाटी १७ मिलिमीटर, ७ सी ची १६.२ मिलिमीटर. म्हणजे फरक एक मिलिमीटरही नाही. पण वाजवणाऱ्याला तो पायातला जोडा बदलल्यासारखा जाणवतो. आकड्यापुढचं अक्षर वाटीची खोली सांगतं. वाटी खोल असेल तर आवाज भरदार, उथळ असेल तर चमकदार, आणि वरचे सूर जरा लवकर हाती येतात. गळ्याचं नेहमीचं माप ३.६६ मिलिमीटर. तेही कुणाला पुरत नाही, कुणाला जास्त होतं.

संग्रहाची सुरुवात मेरठला झाली. १९९४ मध्ये माझी तिथे बदली झाली. मेरठमध्ये जली कोठी नावाचा भाग आहे. बँडची वाद्यं बनवणाऱ्यांची वस्ती. १८८५ साली सुरू झालेली नादिर अली अँड कंपनी मेरठचीच. देशभर लग्नाच्या वरातीत जे ट्रम्पेट आणि युफोनियम दिसतात, त्यातले कितीतरी या गावचे. मी पलटणीच्या बँडचं एक वाद्य दुरुस्तीला घेऊन गेलो होतो. एका दुकानात पाटीभर जुनी माउथपीसेस पडली होती. काळी पडलेली, काही चेपलेली. दुकानदार ती मोडीच्या भावात, वजनावर द्यायला तयार होता.

मी एक उचललं, रुमालाने पुसलं. त्यावर अक्षरं होती, 'हॉक्स अँड सन, लंडन'. पुढे माहिती मिळाली की लंडनची हॉक्स अँड सन आणि बूझी अँड कंपनी या दोन कंपन्या १९३० मध्ये एक झाल्या आणि बूझी अँड हॉक्स झाली. म्हणजे नुसतं हॉक्सचं नाव असलेला तुकडा बहुतेक १९३० च्या आधीचा. मला त्या बँडबिंडचं काही कळत नव्हतं, पण एक विचार डोक्यातून जाईना. हा तुकडा बोटीने आला असेल. कुठल्या तरी गोऱ्या पलटणीत किंवा कुठल्या संस्थानाच्या बँडमध्ये कुणी तरी रोज सकाळी याला ओठ लावले असतील. त्या माणसाचं नाव कुठेच नाही. पलटणीचा इतिहास लिहिला जातो, त्यात बँडमास्तरचं नाव एखाद्या ओळीत येतं. तिसऱ्या रांगेतल्या कॉर्नेटवाल्याचं येत नाही. त्याची राहिलेली वस्तू म्हणजे एवढीच. मी सात तुकडे घेतले. हातातला हा त्यांतलाच एक.

मग नाद लागला. बदली जिथे होईल तिथल्या जुन्या बाजारात जायचं, बँडवाल्यांच्या गल्लीत चहा प्यायचा. या शोधात दोन माणसांच्या गोष्टी कळल्या, त्या थोडक्यात सांगतो.

पहिला माणूस फौजी. चार्ल्स कॉन. १८६१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने भरती झाला. बँडमध्ये होता, पुढे कॅप्टन झाला, १८६४ मध्ये पीटर्सबर्गच्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. युद्ध संपल्यावर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट या गावी परतला, आणि गावच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवू लागला. सांगतात ते असं की एका मारामारीत त्याचा ओठ फुटला. फुटक्या ओठावर धातूची कड सोसवेना. पण वाजवणं तर सोडायचं नाही. म्हणून त्याने माउथपीसच्या कडेला रबर बसवलं. मित्रांना ते आवडलं, मागणी आली, १८७५ मध्ये त्याने पेटंट घेतलं. त्यातून अमेरिकेतल्या वाद्यांच्या एका फार मोठ्या कारखान्याची सुरुवात झाली.

दुसरा, मघाशी नाव घेतलं तो विन्सेंट बाख. जन्म १८९०, व्हिएन्नाजवळचा. शिक्षणाने इंजिनियर, पेशाने ट्रम्पेटवादक. १९१४ मध्ये अमेरिकेत गेला, बोस्टन सिम्फनीत वाजवलं. एकदा त्याने आपलं माउथपीस दुरुस्तीला दिलं आणि दुरुस्ती करणाऱ्याने ते बिघडवून ठेवलं. तसं दुसरं कुठे मिळेना. १९१८ मध्ये त्याने ३०० डॉलरला पायाने चालवायचं लेथ घेतलं आणि स्वतःच माउथपीस कातायला बसला. पुढे न्यूयॉर्कमध्ये कारखाना झाला, १९५३ मध्ये तो जवळच्या माउंट व्हर्ननला गेला, १९६१ मध्ये त्याने तो विकला आणि काही वर्षांनी सगळं एल्कहार्टला हललं. कॉनच्याच गावी. जगभरातले संग्राहक न्यूयॉर्क आणि माउंट व्हर्नन काळातल्या बाखच्या माउथपीसेसवर जीव टाकतात.

दोन्ही गोष्टींत एक सारखेपणा आहे, तो लक्षात ठेवा. एकाचा ओठ बिघडला, दुसऱ्याचं माउथपीस. दोघांचंही वाजवणं थांबलं. वाद्य दोघांचंही शाबूत होतं.

संग्राहकाचं काम काय? ओळखणं आणि जपणं. ओळखताना नुसत्या नावावर जायचं नाही. अक्षरांची ठेवण पाहायची, कडेची गोलाई पाहायची. गळा कुणी मोठा करून घेतलाय का ते तपासायचं. माझ्याकडे त्यासाठी दोन ड्रिल बिट आहेत, २७ नंबरचं ३.६६ मिलिमीटरचं आणि २६ नंबरचं ३.७३ चं. कापणारं टोक नव्हे, मागची गुळगुळीत दांडी अलगद आत सोडायची. २७ नंबर जातो आणि २६ अडतो, तर बाखचा मूळ गळा शाबूत. २६ पण गेला, तर कुणीतरी तो वाढवून घेतलेला आहे.

जपण्याचं म्हणाल तर आपल्या आयांना जे माहीत होतं तेच. पितळेच्या भांड्याला आतून कल्हई का लावायची? आंबट कळकतं म्हणून. माउथपीसला चांदीचा मुलामा असतो तो त्याचसाठी, ओठांना उघडं पितळ लागू नये. म्हणून कोमट पाणी, साधा साबण, मऊ फडकं. मशीनवर पॉलिश करून घेतलं की मुलामा झिजतो, अक्षरं बुजतात आणि कडेचा आकार बदलतो. चकचकीत होतं, पण ते मूळचं राहत नाही.

हे सगळं मला २०१६ पर्यंत उत्तम येत होतं. मी निवृत्त होऊन इंदूरला स्थायिक झालो होतो. एक वही होती, प्रत्येक तुकड्याची मापं आणि दोष त्यात लिहिलेले. आणि मी स्वतःला जाणकार समजत होतो. आता चूक सांगतो.

इंदूरमध्ये लग्नाच्या एका बँडमध्ये साठीच्या आसपासचा एक ट्रम्पेटवाला होता. मुख्य चाली तोच वाजवायचा. त्याचे उस्ताद तरुणपणी मुंबईला सिनेमाच्या वाद्यवृंदात होते. तो एक वेगळाच काळ. सी. रामचंद्रांसारखे आपले संगीतकार आणि चिक चॉकलेटसारखे गोव्याचे ट्रम्पेटवादक एकत्र काम करायचे, १९५१ चा 'अलबेला' आठवा. उस्तादांनी जाताना आपलं माउथपीस या शिष्याला दिलं होतं. मी ते पाहिलं आणि माझा श्वास अडकला. विन्सेंट बाख, न्यूयॉर्कच्या काळातलं, ७ सी. गळा मूळचा. अक्षरं स्वच्छ.

मी म्हटलं, मला द्या. तो म्हणाला, "साहब, यही तो बजाता हूँ." मी दुसऱ्या दिवशी परत गेलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा एक कोरं करकरीत माउथपीस घेऊन गेलो, त्यावरही ७ सी असंच लिहिलेलं. वर अडीच हजार रुपये ठेवले. समजावलं, "आकडा तोच आहे. तुम्हाला काही फरक पडणार नाही. उलट नवीन आहे." त्याने ते दिलं.

त्याने का दिलं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. पैशाची गरज होतीच, दिवाळी तोंडावर होती. पण तेवढंच नव्हतं. मी कर्नल, तो बँडवाला. मी त्याच्या दारात तीनदा गेलो. मला 'नाही' म्हणणं त्याला जड गेलं असणार. हे तेव्हा मला दिसलं नाही. किंवा दिसत होतं आणि मी पाहिलं नाही. शिवाय परदेशात त्या तुकड्याची किंमत कितीतरी पट आहे हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. तेही मी सांगितलं नाही.

घरी येऊन वहीत नोंद केली. दोषांच्या रकान्यात लिहिलं, "कडेवर डावीकडे चांदी उडालेली."

तुळशीची लग्नं लागली, सीझन सुरू झाला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका मित्राच्या मुलीच्या लग्नाला गेलो. वरात आली. तोच बँड. पुढे ट्रम्पेट एक पोरगेलासा मुलगा वाजवत होता. आमचा माणूस दिसेना. मग दिसला, मागे मोठ्या ढोलाच्या शेजारी. हातात झांजा.

मी बँडच्या मालकाला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "चाचा का होंठ नहीं बैठ रहा. ऊपर का सुर फट जाता है." ट्रम्पेटचे त्याला रात्रीचे बाराशे मिळायचे, झांजांचे चारशे.

आकडा तोच होता. पण जुन्या काळी हाताने घासूनपुसून केलेली कड आणि आज मशीनमधून निघालेली कड एक नसते. आणि तीस-पस्तीस वर्षं एका जागी बसलेला ओठ आठवड्याभरात दुसरी जागा शिकत नाही, त्यातून साठीत. हे मी चार पुस्तकांत वाचलेलं होतं. कॉनची गोष्ट, बाखची गोष्ट मी लोकांना रंगवून सांगत होतो. आणि त्या दुरुस्ती करणाऱ्याने बाखचं जे केलं, तेच मी या माणसाचं केलं होतं. दुरुस्ती करणाऱ्याच्या हातून निदान चुकून झालं असेल.

त्या रात्री झोप लागली नाही. पहाटे तो हवालदार आठवला. "ह्ये माजं हाय." ते पैशाबद्दल नव्हतं. बिगुल कुणीही उचलावा, कुणीही वाजवावा. माउथपीस हा त्या माणसाच्या ओठाचा पुढचा भाग असतो. मी एका माणसाचा आवाज अडीच हजाराला आणून मखमलीवर ठेवला होता.

सकाळी त्याच्या घरी गेलो. माउथपीस त्याच्या हातावर ठेवलं, माफी मागितली. त्याची खरी किंमत काय आहे तेही सांगितलं. म्हटलं, विकायचं असेल तर मी गिऱ्हाईक गाठून देतो, पैसे सगळे तुमचे. त्याने ते ऐकलंही की नाही कोण जाणे. सदऱ्याच्या टोकाने कड पुसली आणि वाद्य न लावता नुसतंच फुंकलं. पहिला आवाज फाटला. दुसरा थोडा स्थिरावला. मग म्हणाला, "साहब, नए वाले को मेरे दाँत का पता नहीं था."

मी पाहिलं. त्याचा वरचा एक दात अर्धा तुटलेला होता. म्हणून तो माउथपीस जरा डावीकडे धरायचा. कडेवर डावीकडची चांदी उडाली होती ती त्याच जागी. मी जो दोष म्हणून लिहिला, ती त्या माणसाची सही होती.

पैसे तो परत द्यायला लागला. मी म्हटलं, ठेवा, माझ्यामुळे तुमचं त्याहून जास्त नुकसान झालंय. त्याने शांतपणे हिशोब केला आणि ठेवले. मला बरं वाटलं. संक्रांतीनंतरच्या लग्नांत तो परत पुढे होता.

त्यानंतर माझ्या वहीत बदल झाले. पहिला, जो माणूस अजून वाजवतो त्याचं माउथपीस विकत घ्यायचं नाही, तो स्वतः म्हणाला तरी नाही. दुसरा, घेताना त्याची खरी किंमत समोरच्याला आधी सांगायची. तिसरा, 'दोष' हा रकाना खोडून तिथे 'कुणी वाजवलं, कुठे' असं लिहिलं. बऱ्याच पानांवर तो रकाना रिकामा आहे, पण विचारायला लागल्यापासून भरू लागलाय. चौथा बदल फौजी आहे. माझ्याकडे इश्यू व्हाउचर आहेत. कुणाला गरज असेल, शिकणारा असेल, तर तुकडा सहीवर वापरायला देतो. वाजवायचं थांबलात की परत करा, एवढीच अट. आज १४३ पैकी ११ बाहेर आहेत. एक शाळेच्या बँडमधल्या नववीतल्या मुलीकडे आहे. ती ते परत करेल असं काही लक्षण दिसत नाही, आणि माझी तक्रार नाही.

साताऱ्याच्या त्या हवालदाराला मी नंतर फोन केला होता. निवृत्त होऊन गावी शेती करतो. मी चाचरतच विचारलं, ते माउथपीस कुठे आहे? म्हणाला, "पुतण्या पोलीस बँडात लागलाय, त्याला दिलं. पयलं वरीसभर लई तरास झाला त्याला. आता बसलंय." मी पुढे काही मागितलं नाही.

जाता जाता एक विनंती. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला किंवा बेळगावला. घरात आजोबांची, काकांची फौजेतली ट्रंक असेल, कुणी बँडमध्ये होतं असं नुसतं ऐकलं असेल, तर एकदा उघडून बघा. असा तुकडा सापडला तर मोडीत घालू नका आणि चिंचेने घासूही नका. एका कागदावर वाजवणाऱ्याचं नाव, गाव आणि पलटण लिहा आणि तो कागद त्याच्याबरोबर ठेवा. आणि घरात किंवा शेजारी एखादं पोर ट्रम्पेट शिकत असेल, तर आधी त्याच्या हातात द्या. त्याला जमलं नाही, तर मग मला कळवा.

जय हिंद.